उझबेकिस्तानची जुनी पोस्टकार्डं लोक का जमवतात? आणि कार्डावरून त्याचं वय कसं ओळखायचं?

पोस्टकार्ड म्हटलं की आपल्याकडे टपाल खात्याचं पन्नास पैशांचं पिवळसर कार्ड आठवतं. पण जगभरातले छंदिष्ट जमवतात ते चित्र-पोस्टकार्ड. एका बाजूला एखाद्या शहराचा, इमारतीचा किंवा पुतळ्याचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला पत्ता व मजकूर लिहायला जागा, असं हे कार्ड. पॅरिस, लंडन, व्हेनिसची अशी कार्डं ढिगाने मिळतात. मध्य आशियातल्या उझबेकिस्तानची कार्डं मात्र वेगळ्याच कारणासाठी जमवण्यासारखी आहेत.

गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत या देशाने अमीर आणि खान पाहिले, रशियाचा झार पाहिला, सोव्हिएत राजवट पाहिली आणि १९९१ मध्ये स्वातंत्र्यही पाहिलं. भाषेची लिपी तीनदा बदलली. राजधानी बदलली. एका भूकंपाने ताश्कंदचा चेहरा पालटला. पडलेले घुमट पुन्हा उभे राहिले, कललेले मिनार सरळ झाले, पुतळे आले आणि गेले. आज समरकंदला जाणारा पर्यटक जे पाहतो, ते त्याच्या पणजोबाच्या काळातल्या प्रवाशाने पाहिलंच नव्हतं. तो फरक दाखवणारा सर्वात स्वस्त आणि सहज हाती येणारा पुरावा म्हणजे ही कार्डं.

हा छंद नेमका काय आहे?

जगातलं पहिलं अधिकृत पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीने १ ऑक्टोबर १८६९ रोजी काढलं. रशियन साम्राज्यात ते १८७२ मध्ये आलं आणि भारतात १८७९ मध्ये. सुरुवातीची कार्डं कोरीच असत. पुढे छपाईचं तंत्र सुधारलं, प्रवास वाढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चित्र छापलेल्या कार्डांची लाटच आली. पहिल्या महायुद्धापर्यंतचा काळ हा चित्र-पोस्टकार्डांचा सुवर्णकाळ मानला जातो.

पोस्टकार्ड जमवण्याच्या आणि त्यांचा अभ्यास करण्याच्या छंदाला ‘डेल्टिऑलॉजी’ म्हणतात. लिहिण्याच्या छोट्या पाटीला ग्रीक भाषेत जो शब्द होता, त्यावरून हे नाव आलं. तिकिटं जमवणारा माणूस तिकिटाचा छोटा चौकोन पाहतो. कार्ड जमवणाऱ्याला मात्र चित्र, तिकीट, शिक्का, छपाईची माहिती आणि कुणीतरी कुणाला तरी लिहिलेल्या चार ओळी असं सगळं एकत्र मिळतं.

उझबेकिस्तानची कार्डं किती प्रकारची?

ढोबळमानाने तीन काळ पडतात.

पहिला झारशाहीचा. रशियन फौजांनी १८६५ मध्ये ताश्कंद आणि १८६८ मध्ये समरकंद घेतलं. या प्रदेशाला तेव्हा ‘तुर्कस्तान’ म्हणत. आजच्या तुर्कीशी त्याची गल्लत करू नये. पहिले गव्हर्नर जनरल कॉन्स्टंटिन कॉफमन यांनी १८७१-७२ मध्ये या भागातल्या इमारती, बाजार, माणसं आणि कारागिरांच्या फोटोंचा ‘तुर्कस्तान अल्बम’ तयार करवून घेतला. त्यात सुमारे १,२०० फोटो होते. असा अल्बम फार थोड्यांनाच पाहायला मिळायचा. चित्र-पोस्टकार्डं आली, तेव्हा तसली दृश्यं सामान्य माणसाच्या हातात पोचली.

दुसरा काळ सोव्हिएत. १९२४ मध्ये उझबेक सोव्हिएत समाजवादी प्रजासत्ताक तयार झालं. या काळातली कार्डं सुटीही मिळतात, पण खास ओळख म्हणजे ‘संच’. जाड कागदाच्या पाकिटात एकाच शहराची दहा-पंधरा किंवा अधिक कार्डं. आज बाजारात सर्वात सहज मिळणारा माल हाच.

तिसरा काळ १९९१ नंतरचा. ही कार्डं पर्यटकांसाठी छापलेली, गुळगुळीत आणि भडक रंगांची. किंमत कमी म्हणून नवखे लोक ती बाजूला सारतात. पण पन्नास वर्षांनी तीच जुनी होणार आहेत.

कार्डाचं वय कसं ओळखायचं?

नवखा माणूस आधी चित्र पाहतो. जाणकार कार्ड उलटून पाहतो. मागच्या बाजूला हे तपासा:

१. पाठ दुभागलेली आहे का? सुरुवातीच्या काळात मागची पूर्ण बाजू फक्त पत्त्यासाठी राखीव होती, म्हणून मजकूर चित्राच्या कडेला कोंबून लिहिलेला दिसतो. मधोमध रेघ मारून डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता ही पद्धत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशोदेशी रुजली. ब्रिटनने ती १९०२ मध्ये सुरू केली, अमेरिकेने १९०७ मध्ये. रेघ नसलेलं कार्ड साधारणपणे त्याआधीचं.

२. शहराच्या नावाचं शेवटचं अक्षर कोणतं? जुन्या रशियन लेखनात व्यंजनाने संपणाऱ्या शब्दापुढे एक मुकं अक्षर लिहीत. इंग्रजीतल्या छोट्या ‘बी’च्या डोक्याला डावीकडे शेंडी काढावी, तसं ते दिसतं. १९१८ च्या लेखनसुधारणेत शब्दाच्या शेवटी ते लिहिणं बंद झालं. ‘समरकंद’ किंवा ‘ताश्कंद’ या रशियन नावाच्या टोकाला ते अक्षर असेल, तर कार्ड बहुधा त्या सुधारणेपूर्वीचं. ‘बुखारा’ आणि ‘खिवा’ ही नावं स्वराने संपतात, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही.

३. उझबेक मजकूर कोणत्या लिपीत आहे? आधी अरबी लिपी होती. १९२०च्या दशकाच्या अखेरीस लॅटिन आली, १९४० मध्ये सिरिलिक म्हणजे रशियन वळणाची लिपी आली आणि १९९३ मध्ये पुन्हा लॅटिनकडे जाण्याचा निर्णय झाला. त्यामुळे लॅटिन लिपीतली उझबेक ओळ म्हणजे एकतर १९४० पूर्वीची किंवा १९९३ नंतरची. कागद आणि छपाई पाहिली की या दोनांतला फरक लगेच कळतो.

४. बारीक टाइपातल्या ओळीत काय आहे? सोव्हिएत कार्डांवर फोटोग्राफरचं नाव, प्रकाशक, वर्ष, प्रतींची संख्या आणि कोपेकमधली किंमत छापायची पद्धत होती. संचातल्या कार्डांची ही माहिती अनेकदा फक्त पाकिटावर असते. म्हणून फाटकं पाकीटही फेकायचं नाही. रशियन वाचता येत नसेल तर मोबाइलमधल्या भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा त्या ओळीवर धरला तरी काम होतं. प्रकाशकाच्या नावाचाही उपयोग होतो. मॉस्कोची ‘प्लानेता’ ही प्रकाशनसंस्था १९६९ मध्ये सुरू झाली, त्यामुळे तिचं नाव असलेलं कार्ड त्याआधीचं असूच शकत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. टपालाचा शिक्का कार्ड कधी पाठवलं ते सांगतो, फोटो कधी काढला ते नाही. जुना फोटो वर्षानुवर्षं छापला जातो, आणि छापलेलं कार्ड दुकानात वर्षानुवर्षं पडून राहू शकतं.

एकच चौक, चार पुतळे

चित्रावरून काळ ओळखायला शिकायचं असेल तर ताश्कंदच्या मध्यवर्ती बागेच्या चौकापासून सुरुवात करावी. आज त्याला अमीर तैमूर चौक म्हणतात.

१९१३ मध्ये इथे प्रदेश जिंकणाऱ्या कॉफमन यांचा पुतळा उभारला गेला. क्रांतीनंतर १९१९ मध्ये तो काढला. मधल्या काळात इतर स्मारकं आली-गेली. १९४०च्या दशकाच्या अखेरीस स्टालिनचा पुतळा आला आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, स्टालिनचं नाव पुसण्याची मोहीम सुरू असताना, गेला. १९६८ मध्ये कार्ल मार्क्सचं दाढीधारी शिल्प बसलं. देश स्वतंत्र झाल्यावर मार्क्स हटले आणि १९९३ मध्ये घोड्यावर स्वार झालेला तैमूर आला.

हा तैमूर म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला, १३९८ मध्ये दिल्ली लुटणारा तैमूरलंग. उझबेकिस्तानात आज तो राष्ट्रपुरुष आहे. सोव्हिएत काळात त्याच्याकडे क्रूर आक्रमक म्हणून पाहिलं जाई. जागा तीच, पण सत्ता बदलली की ओट्यावरचा माणूस बदलतो, हे या चौकाची चार कार्डं शेजारी ठेवली की दिसतं.

झाडांकडेही बघायचं. या चौकात जुने चिनार होते. २००९ मध्ये ते तोडण्यात आले. कार्डात दाट सावली असेल तर फोटो त्याआधीचा. मागे उघडलेल्या पुस्तकासारखी उंच इमारत दिसली तर ते १९७४ मध्ये सुरू झालेलं हॉटेल उझबेकिस्तान, म्हणजे फोटो त्या सुमाराचा किंवा नंतरचा.

लेनिन चौकाचंही असंच झालं. तिथला लेनिनचा भव्य पुतळा १९९२ मध्ये काढून त्या जागी उझबेकिस्तानचा नकाशा कोरलेला पृथ्वीगोल बसवला. चौकाचं नाव झालं ‘मुस्तकिल्लिक’, म्हणजे स्वातंत्र्य.

शास्त्रीजींनी पाहिलेलं ताश्कंद कुठे गेलं?

भारतीयांना ताश्कंद माहीत आहे ते लालबहादूर शास्त्री यांच्यामुळे. १९६५ च्या युद्धानंतर शास्त्री आणि पाकिस्तानचे अयुब खान यांनी १० जानेवारी १९६६ रोजी तिथे करारावर सह्या केल्या. त्याच रात्री, म्हणजे ११ जानेवारीच्या पहाटेपूर्वी, शास्त्रीजींचं निधन झालं. तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण भारतीय शिष्टमंडळात होते. ताश्कंदमध्ये आज शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आणि त्यांचा पुतळा आहे.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २६ एप्रिल १९६६ रोजी पहाटे ५ वाजून २३ मिनिटांनी शहराला भूकंपाचा धक्का बसला. तीव्रता पाचच्या आसपासच होती, पण केंद्र शहराच्या अगदी खाली आणि उथळ होतं. मातीच्या आणि कच्च्या विटांच्या घरांचे मोहल्लेच्या मोहल्ले मोडकळीला आले. सुमारे तीन लाख लोक बेघर झाले. सोव्हिएत संघाच्या सगळ्या प्रजासत्ताकांतून बांधकाम करणारे आले आणि रुंद रस्ते, कारंजी, काँक्रीटच्या उंच इमारती असलेलं नवं ताश्कंद उभं राहिलं. १९७६ मध्ये भूकंपाचं स्मारक झालं. त्यातल्या दुभंगलेल्या दगडी ठोकळ्यावरचं घड्याळ ५:२३ ही वेळ दाखवतं.

म्हणजे शास्त्रीजी आणि चव्हाण ज्या शहरात उतरले, त्याचा बराच भाग त्याच वर्षी नाहीसा झाला. १९६६ पूर्वीच्या कार्डांना त्यामुळेच मोल आहे. आधीचं आणि नंतरचं कार्ड जुळवताना नवोई नाट्यगृहाचा उपयोग होतो. १९४७ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीच्या कामावर दुसऱ्या महायुद्धातले जपानी युद्धकैदी होते. भूकंपात ती उभी राहिली. दोन्ही काळांतल्या कार्डांवर ती दिसते, आणि तिच्या आजूबाजूचं काय बदललं ते ताडून पाहता येतं.

ताश्कंद मेट्रोची कार्डंही पाहण्यासारखी. १९७७ मध्ये सुरू झालेली ही मध्य आशियातली पहिली मेट्रो. झुंबरं आणि संगमरवर असलेल्या तिच्या स्थानकांत फोटो काढायला २०१८ पर्यंत मनाई होती. त्यामुळे त्याआधीच्या काळासाठी अधिकृत, छापील चित्रांचं महत्त्व वाढतं.

समरकंद: घुमट आहे की नाही?

समरकंदचं रेगिस्तान म्हणजे तीन मदरशांनी वेढलेलं मैदान. उलुगबेग मदरसा १४१७ ते १४२० मधला, शेरदार १६१९ ते १६३६ मधला आणि तिल्लाकारी १६४६ ते १६६० मधला. सर्वात जास्त कार्डं याच जागेची मिळतात आणि सर्वात जास्त फसगतही इथेच होते, कारण सगळी एकसारखी वाटतात. तपासायच्या जागा दोन आहेत.

एक, तिल्लाकारीचा निळा घुमट. जुन्या फोटोंत तो नाहीच. आज दिसणारा घुमट विसाव्या शतकातल्या सोव्हिएत जीर्णोद्धारातला आहे. घुमट नसलेलं कार्ड त्याआधीचं.

दोन, उलुगबेग मदरशाचे मिनार. ते कलले होते. ईशान्येचा मिनार १९३२ मध्ये मोठ्या युक्तीने सरळ करण्यात आला. त्याची योजना करणारे व्लादिमीर शुखोव हे मॉस्कोच्या प्रसिद्ध रेडिओ मनोऱ्याचे अभियंते. आग्नेयेचा मिनार १९६५ मध्ये सरळ झाला. दोन्ही मिनार कललेले दिसले तर कार्डावरचा फोटो १९३२ पूर्वीचा.

जवळच्या बीबी खानम मशिदीचीही अशीच गोष्ट. तैमूरने १३९९ मध्ये सुरू केलेली ही अवाढव्य मशीद शतकानुशतकं ढासळत होती. १८९७ च्या भूकंपात तिची आणखी पडझड झाली. १९७४ मध्ये मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी सुरू झाली. जुन्या कार्डावर दिसतो तो फुटका घुमट आणि आभाळात घुसलेली भिंत. आज तिथे गुळगुळीत निळा घुमट आहे. अशा पुनर्बांधणीत मूळ किती आणि नवं किती, हा वाद जगभर चालतो. त्या वादात बोलायचं असेल तर आधी काय होतं ते माहीत हवं, आणि जुनं कार्ड नेमकं तेच सांगतं.

बुखाऱ्याचे बगळे आणि खिव्याचे मिनार

बुखाऱ्यातला कल्यान मिनार ११२७ मधला आहे. १९२० मध्ये लाल सेनेने शहरावर तोफा डागल्या तेव्हा त्याचंही नुकसान झालं, नंतर दुरुस्ती झाली. पण बुखाऱ्याच्या जुन्या चित्रांतली आणखी मजेदार गोष्ट म्हणजे मिनारांवरची करकोच्यांची मोठाली घरटी. लोक त्यांना बगळेही म्हणतात, पण हे त्याहून बरेच मोठे पक्षी. शहरात पूर्वी पायऱ्यांचे कितीतरी हौद होते. त्यांच्या पाण्यातून नारूचा रोग पसरे, तोच नारू ज्याने महाराष्ट्रातल्या गावांनाही सतावलं होतं. सोव्हिएत काळात बहुतेक हौद उपसून बुजवले गेले आणि १९३१ च्या सुमाराला तिथला नारू संपला. पाणी गेलं तसे करकोचेही गेले. मिनारावर घरटं दिसणारं कार्ड हा त्या हरवलेल्या पाण्याचाही पुरावा आहे.

खिव्यात दोन मिनार पाहायचे. हिरव्या-निळ्या फरशांचा, जाडजूड, अर्धवट राहिलेला कल्ता मिनार. तो बांधवणारा खान १८५५ मध्ये मारला गेला आणि काम थांबलं ते थांबलंच. दुसरा उंच, सडपातळ इस्लाम ख्वाजा मिनार १९१० मधला. शहराच्या लांबून घेतलेल्या चित्रात हा उंच मिनार असायला हवा त्या जागी नसेल, तर फोटो १९१० पूर्वीचा.

कार्ड सगळं खरं सांगतं का?

नाही. पोस्टकार्ड हे दाखवण्यासाठी केलेलं चित्र असतं. झारच्या काळात ‘पूर्वेकडचे विचित्र लोक’ दाखवण्याकडे कल होता. सोव्हिएत काळात नवी वसाहत, कारंजं आणि रिकामा रुंद रस्ता दिसे, शेजारचा मोहल्ला सहसा दिसत नसे. आज निळे घुमट दिसतात, त्यांच्यासाठी हटवलेली घरं दिसत नाहीत.

तैमूरचं जन्मगाव असलेल्या शहरिसब्झचं उदाहरण ताजं आहे. २००० मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. पुढे पर्यटनासाठी मध्यवर्ती भागातली जुनी वस्ती पाडून मोकळी मैदानं आणि बागा केल्या आणि २०१६ मध्ये युनेस्कोने ते धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकलं. त्या गल्ल्या दाखवणारं कार्ड सापडलं, तर ते एखाद्या सुंदर घुमटाच्या कार्डापेक्षा जास्त मोलाचं.

सुरुवात कशी करायची?

सगळा देश जमवायला जाऊ नये. एक शहर, एक चौक किंवा एक इमारत निवडावी आणि तिची वेगवेगळ्या काळांतली कार्डं शोधावीत. रेगिस्तानची सहा काळांतली सहा कार्डं हा संग्रह, साठ शहरांची साठ कार्डं हा नुसता गठ्ठा.

नवी कार्डं मिळवायला २००५ पासून चालणारा ‘पोस्टक्रॉसिंग’ हा उपक्रम आहे. तुम्ही अनोळखी व्यक्तीला कार्ड पाठवता, दुसरी अनोळखी व्यक्ती तुम्हाला. कोणत्या देशाचं कार्ड येईल ते मात्र आपल्या हातात नसतं. जुनी कार्डं ऑनलाइन लिलावात, रद्दीत आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सापडतात. एकेकाळी सोव्हिएत पुस्तकं महाराष्ट्रात घरोघरी होती. त्या पुस्तकांच्या पानांतही एखादं कार्ड निघू शकतं.

विकत घेण्यापूर्वी भिंगातून पाहावं. खऱ्या फोटोच्या कागदावर छटा सलग दिसतात, आजच्या रंगीत ऑफसेट छपाईत रंगीत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की यांनी १९११ च्या सुमाराला काढलेले समरकंद-बुखाऱ्याचे रंगीत फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने सर्वांसाठी खुले केले आहेत. ते कुणीही कार्डावर छापू शकतो. त्यामुळे चित्र जुनं म्हणून कार्ड जुनं, असं मानू नये. उझबेकिस्तानातून जुन्या वस्तू बाहेर नेण्यावर निर्बंध आहेत, म्हणून तिथे जाऊन घेणार असाल तर नियम आधी विचारावेत.

जपायचं कसं?

पावसाळ्यातली दमट हवा, ऊन आणि कसर हे कागदाचे तीन शत्रू. कार्ड पीव्हीसीच्या स्वस्त पिशवीत ठेवू नये, पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पाकिटात ठेवावं. लॅमिनेशन तर करूच नये. चिकटपट्टी आणि डिंक टाळावा, तिकीट सोलून काढू नये. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. कार्ड कुठून, कधी मिळालं ते वेगळ्या वहीत किंवा पाकिटावर लिहावं.

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर टाकताना दोन्ही बाजू टाकाव्यात, कारण मागच्या बाजूशिवाय कार्डाचं वय कुणालाच सांगता येत नाही. मात्र कार्ड अलीकडचं असेल तर नाव-पत्ता झाकावा. खाली शहर, जागा आणि अंदाजे काळ लिहावा, आणि हा काळ कशावरून ठरवला तेही लिहावं: घुमट नाही, मिनार कललेला आहे, ओट्यावर मार्क्स आहे. एवढी एक ओळ असली की पुढे ते चित्र कुणाच्याही हाती गेलं, तरी ते कुठलं आणि कधीचं हे हरवत नाही.